‘तुझे दोन्ही डोस झालेत’: मे २०२१ मधल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण कशासाठी

२०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, गृहविलगीकरणातल्या घरांना रोज फोन करणाऱ्या एका स्वयंसेवी गटात मी समुपदेशक म्हणून काम करत होते. सकाळचा फोन डॉक्टरांचा असायचा आणि संध्याकाळचा माझा. त्यातल्या एका घराची ही हकीकत. घरच्यांच्या परवानगीने लिहिली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावं न देता नात्यांनीच उल्लेख केला आहे. थोरल्या सुनेला घरात आणि गल्लीत सगळे वहिनी म्हणतात, म्हणून इथेही ती वहिनीच.

कागदावर हे यशस्वी प्रकरण आहे. दोघे बाधित झाले, दोघेही बरे झाले. तरीही ते निवडलं, कारण आजार घरातून गेला आणि मग घरातलं तिसरंच माणूस कोसळलं.

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातलं बाजारपेठेचं गाव. दुसऱ्या लाटेत मुंबई-पुण्याचे आकडे एप्रिलच्या उत्तरार्धापासून उतरू लागले, पण सांगली, सातारा आणि कोल्हापूर जून-जुलैपर्यंत तापलेलेच होते. घर जुनं: पुढे सोपा, आत दोन खोल्या, वर माडी, मागे परडं आणि परड्यात म्हैस. आजोबांच्या गुडघ्यांसाठी त्यांच्या खोलीलगत वेगळा संडास बांधलेला होता. ही सोय पुढे फार कामी आली.

घरात सहा माणसं. आजोबा ७४ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. आजींना कमी ऐकू येतं. थोरल्याचं कृषी सेवा केंद्र आहे. वहिनी अंगणवाडी सेविका. मुलगी दहावीची, २० एप्रिलला राज्याने दहावीची परीक्षा रद्द केली, तेव्हापासून तिच्याकडे ना अभ्यास होता ना सुट्टी. मुलगा दहा वर्षांचा. धाकटा दीर पुण्यात आयटी कंपनीत. तो घरात नव्हता, पण फोनवर चोवीस तास होता.

लसीचा हिशोब इथे महत्त्वाचा आहे. अंगणवाडी सेविका पहिल्या टप्प्यात होत्या, त्यामुळे एप्रिल उजाडेपर्यंत वहिनीचे दोन्ही डोस झाले होते. ज्येष्ठांचं लसीकरण १ मार्चला सुरू झालं. आजोबांचा पहिला डोस मार्चमध्ये झाला, दुसरा मे महिन्यात घ्यायचा होता. थोरला पंचेचाळिशी ओलांडलेला, म्हणजे १ एप्रिलपासून पात्र. पण ‘हंगामाआधी ताप नको’ म्हणून त्याने लस पुढे ढकलली होती.

अडचण कशी उभी राहिली

मेच्या पहिल्या आठवड्यात थोरल्याच्या अंगात कणकण आली. ‘ऊन लागलं’ असं म्हणत तो तीन दिवस सकाळच्या परवानगीच्या वेळेत दुकानात बसला. चौथ्या दिवशी अँटिजेन चाचणी केली, ती निगेटिव्ह आली आणि घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. लक्षणं असताना अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करावीच लागायची, हा नियम घरात एकट्या वहिनीला पाठ होता. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ती दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरली होती. तिने हट्टाने स्वॅब द्यायला लावला. अहवाल पॉझिटिव्ह आला, तोवर आजोबांना ताप भरला होता.

पहिला निर्णय: कोण कुठे राहणार, कोण कोणाचं करणार

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी आजोबांना तपासलं. ऑक्सिजन ९७, श्वासाची गती ठीक, उपाशीपोटी साखर थोडी वाढलेली. वय आणि मधुमेह पाहता दाखल केलेलं बरं, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. पण त्या आठवड्यात ऑक्सिजन लागणाऱ्यांनाही खाट मिळत नव्हती, आणि चालत्या-बोलत्या माणसाने ती अडवायची का, हा प्रश्नही त्यांनीच घरच्यांसमोर ठेवला.

तीन पर्याय होते. वसतिगृहातलं कोविड सेंटर: जेवण-औषध फुकट, पण रात्री आजोबांना संडासापर्यंत धरून नेणारं कोणी नाही. खाजगी दवाखाना: आधी अनामत, आणि खाटेची खात्री नाहीच. तिसरा पर्याय घर, अटींसह: वेगळी खोली, वेगळा संडास, दिवसातून चार नोंदी आणि मिरजेला न्यायला गाडी ठरवून ठेवलेली. थोरला स्वतः सेंटरला जायला तयार होता, म्हणजे घरचा भार हलका झाला असता. आजींनी मोडता घातला. बाप आजारी असताना मुलगा घराबाहेर झोपला, हे त्यांच्या मनाला पटेना. शेवटी थोरला माडीवर, आजोबा त्यांच्या खोलीत आणि आजी नातवंडांसह सोप्यात, असं ठरलं.

मग दोन्ही रुग्णांचं करायचं कोणी? यावर चर्चा झालीच नाही. “तुझे दोन्ही डोस झालेत,” असं आजी म्हणाल्या आणि विषय मिटला.

संसर्गाच्या बाजूने पाहिलं तर हा निर्णय बरोबरच होता. दोन डोस म्हणजे कवच नव्हे, पण घरात गंभीर आजाराचा धोका सगळ्यात कमी तिलाच होता. मास्क कसा बांधायचा, खिडक्या का उघड्या ठेवायच्या हेही तिला ठाऊक होतं. गृहविलगीकरणाच्या सरकारी सूचनांतही चोवीस तास काळजी घेणारं एक माणूस असावं, असं लिहिलेलं होतं. ‘एक माणूस’ हे तिथे सोयीचं वाटायचं. त्या माणसाच्या अंगावर आधीच काय काय आहे, हे त्या सूचनेत येत नव्हतं. वहिनीच्या अंगावर सहा जणांचा स्वयंपाक होता, दोन रुग्णांची वेगळी भांडी-कपडे होते, म्हैस होती, आणि अंगणवाडीच्या लाभार्थ्यांच्या फोनवरच्या नोंदीही होत्या. हे किती दिवस चालणार, हे कोणी विचारलं नाही. तिनेही नाही.

बचत गटातल्या बायकांनी दुसऱ्याच दिवशी डबा देऊ केला. “लोकांच्या डोक्याला कशाला ताप,” म्हणून वहिनीने नको म्हटलं. तीन दिवसांनी मुलीने परस्पर होकार कळवला. मग रोज दुपारी फाटकाच्या कडीला पिशवी लटकायला लागली. तिने तेव्हा नको म्हणण्याला स्वाभिमान हेच कारण असावं, असं मला वाटत नाही. मदत घेतली की आपण पुरे पडत नाही हे सिद्ध होतं, असा तिचा समज होता. तो पुढेही आडवा आला.

आकड्यांना वेसण

पहिल्या दोन संध्याकाळी फोनवर बोलताना मागे एक बारीक आवाज सतत येत होता. आजोबा दर पाच मिनिटांनी बोट ऑक्सिमीटरमध्ये घालत होते. एका रात्री आकडा ९१ आला आणि घर जागं झालं. पुण्याहून धाकट्याने तासाभरात चार दवाखान्यांचे नंबर पाठवले. प्रत्यक्षात आजोबा नुकतेच गार पाण्याने हात धुऊन आले होते. बोट चोळून ऊबदार केल्यावर तोच आकडा ९७ झाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी शिस्त लावली. दिवसातून चार वेळा मोजायचं, त्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, आकडा स्थिरावल्यावरच लिहायचा. शिवाय सकाळ-संध्याकाळ चालण्याची चाचणी. राज्याच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटं चालून ऑक्सिजन बघायला सांगितलं होतं, साठीपुढच्यांना तीन मिनिटं. वहिनीने दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर रकाने आखले: वेळ, ताप, बसून, चालून, साखर. आकडे मुलगी भरायची, गुलाबी जेल पेनने. पानाच्या डोक्यावर मात्र वहिनीचं अक्षर होतं: ‘९४ च्या खाली किंवा चालल्यावर ३ ने उतरला तर थेट फोन. चर्चा नको.’

या प्रकरणात सगळ्यांत चांगली ठरलेली गोष्ट कोणती म्हणाल, तर ही ओळ. कधी घाबरायचं हे शांत डोक्याने आधीच लिहून ठेवल्यामुळे मधल्या वेळी घाबरायचं काम उरलं नाही. आजोबांचं यंत्र चाळवणंही थांबलं, कारण ते आता पेनाशेजारी सोप्यात राहू लागलं.

काढ्याचाही निकाल लागला. चार-चार वेळा दालचिनी-मिऱ्याचा काढा पिऊन आजींच्या तोंडात फोड आले होते आणि छातीत जळजळत होतं. तो दिवसातून एकदा कपभर एवढ्यावर आला. वाफेचं पातेलं मुलाच्या हातावर उपडं होता होता वाचलं, त्यानंतर वाफ बंद झाली.

दुसरा निर्णय: तुरडाळीच्या डब्यातली गोळ्यांची पट्टी

पाचव्या दिवशी धाकट्याने एक प्रिस्क्रिप्शन पाठवलं, कुठल्याशा सहकाऱ्याच्या वडिलांचं. त्यात डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड होतं. “तिकडे सगळ्यांना सुरू करतायत, आपण वाट कसली बघतोय?” शिवाय सिटी स्कॅन करा, स्कोअर कळू दे, हा आग्रह होताच. त्याच्यावर चिडणं सोपं आहे. पण त्या महिन्यात तो रोज रात्री ओळखीच्यांसाठी खाटा शोधत होता, आणि त्यातले दोघे गेले होते. त्याच्या घाईमागे हे होतं.

डॉक्टरांचं उत्तर ठाम होतं. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष जून २०२० मध्ये आले होते. ज्यांना ऑक्सिजन लागतो त्यांना डेक्सामेथासोनचा फायदा दिसला, ज्यांना लागत नाही त्यांना नाही. आजोबांचा ऑक्सिजन ९६ होता आणि त्यांना मधुमेह होता. अशात स्टिरॉइड म्हणजे साखर भडकवणं. म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीच्या संसर्गाचे रुग्ण त्याच दिवसांत वाढत होते. सिटी स्कॅनने त्या घडीला उपचारात काही बदल होणार नव्हता, म्हणून तोही नाही.

धाकट्याला हे पटलं नाही. त्याने गावातल्या मित्राकरवी गोळ्यांची पट्टी विनाचिठ्ठी मिळवून दारात पोहोचवली. आता ती आजोबांच्या हाती लागू द्यायची नव्हती आणि दिराचं मनही मोडायचं नव्हतं. वहिनीने ती तुरडाळीच्या डब्यात, डाळीखाली ठेवली आणि दिराला “आली, मिळाली” एवढाच निरोप दिला. चतुराई खरीच, पण दीर आणि डॉक्टर यांच्या वादातली मधली भिंत पुन्हा तीच झाली. त्या दिवसानंतर गटाने एक नियम घातला: डॉक्टरांशी घरातला एकच माणूस बोलेल, आणि तो थोरला. माडीवर पडल्या पडल्या त्याला तेवढं जमण्यासारखं होतं.

तिसरा निर्णय: आठवा दिवस

सकाळी बसून ९५ आणि तीन मिनिटं चालून ९१. आजोबा “मला काय होतंय?” म्हणत चहा पीत होते. दम लागत नव्हता, बोलण्यात फरक नव्हता. या आजारात ऑक्सिजन उतरला तरी माणसाला पुष्कळदा ते जाणवत नाही, हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं. पानावरची ओळ वाचून वहिनीने थेट फोन लावला.

खाट मिळेपर्यंत रात्र झाली. तोवर पालथं झोपवणं, ज्याला प्रोनिंग म्हणतात, ते चालू ठेवलं. एक उशी मानेखाली, दोन छातीपासून मांडीपर्यंत, दोन नडग्यांखाली. आजोबांचं पोट आडवं यायचं, म्हणून अर्धा तास पालथं आणि मग आलटून-पालटून कुशीवर. पालथं झाल्यावर आकडा ९३ वरून ९५ वर येत होता. पोटात अन्न असताना पालथं झोपवायचं नसतं, म्हणून दुपारचं जेवण पेजेवर आणि उशिरा झालं.

मिरजेच्या एका सरकारी रुग्णालयात जागा मिळाली. सहा दिवस ऑक्सिजन, आणि आता खरोखर गरज असल्यामुळे डेक्सामेथासोन. साखर अपेक्षेप्रमाणे चारशेपार गेली आणि इन्सुलिन सुरू झालं. रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनसाठी धाकट्याने पुण्यात धावाधाव केली. वॉर्डातल्या डॉक्टरांनी त्यांना त्याची गरज नाही म्हणून सांगितलं.

चौथा निर्णय: सांगायचं की नाही

आजोबा दाखल असतानाच शेजारच्या गल्लीतला त्यांचा चुलत भाऊ गेला. सगळे त्यांना अण्णा म्हणत. दोघे एकाच वर्षाचे, एकाच शाळेतले. अंत्यविधीला मोजकीच माणसं गेली. आजोबांना हे कळवायचं का?

पर्याय तीन होते: वॉर्डातल्या डॉक्टरांशी बोलून, त्यांच्या सल्ल्याने सांगायचं, अण्णा आजारी आहेत एवढंच सांगायचं, किंवा घरी येईपर्यंत काहीच नाही. मला विचारलं तेव्हा मी दोन गोष्टी म्हटल्या. सांगण्याची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि काहीही ठरवलं तरी मुलीला त्या फोनपासून लांब ठेवा. घरच्यांनी तिसरा पर्याय निवडला. डॉक्टरांनाही तो चालण्यासारखा वाटला. पण मुलीला लांब ठेवणं जमलं नाही. व्हिडिओ कॉल होईल असा फोन घरात एकच होता, ऑनलाइन वर्गासाठी घेतलेला, तिचा. आजोबा रोज विचारायचे, “अण्णा कसा हाय?” ती म्हणायची, “बरे आहेत.” तिसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारणंच सोडलं. तिने त्याचा अर्थ लावला की त्यांना आता काही आठवत नाही, ऑक्सिजन मेंदूला कमी पडतोय. हे ती कोणाला बोलली नाही. रात्रभर फोनवर लक्षणं शोधत बसायची आणि दिवसा झोपायची.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आजोबांनी स्वतःच विषय काढला. शेजारच्या खाटेवर पंचक्रोशीतलाच एक रुग्ण होता, त्याच्याकडून त्यांना सगळं आधीच कळलं होतं. “पोरगी सांगताना अडखळायची,” ते म्हणाले, “म्हणून मग मी इचारायचंच सोडलं.”

म्हणजे एकमेकांना जपण्यासाठी दोन्ही बाजू गप्प होत्या आणि त्याची किंमत सोळा वर्षांच्या मुलीने भरली. बातमी लपवणं नेहमीच चूक असतं असं मी म्हणणार नाही. ऑक्सिजनवरच्या माणसाला सगळं ताबडतोब सांगितलंच पाहिजे, असा काही नियम नाही. पण लपवायचं ठरलं की ते रोज पार पाडणारं माणूसही ठरवावं लागतं, आणि ते मूल असू नये. थोरला माडीवर होता, रिकामा होता, आणि फोन वर नेऊन देता आला असता.

शरीर सावरलं

आजोबांची घडी हळूहळू बसली. आंघोळ स्टुलावर बसून, तीन छोट्या चेंडूंच्या यंत्रावर श्वासाचा व्यायाम, सोप्यात फेऱ्या, साखरेची दिवसातून चारदा नोंद. स्टिरॉइड आणि मधुमेह एकत्र आल्यामुळे म्युकरमायकोसिसवर नजर ठेवायची होती. नाक एका बाजूने चोंदणं, गाल दुखणं किंवा सुजणं, दात हलणं, डोळ्याला दोन-दोन दिसणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मिरज. तसं काही झालं नाही. दरम्यान १३ मे रोजी कोव्हिशील्ड लसीच्या दोन डोसांमधलं अंतर बारा ते सोळा आठवडे झालं, आणि बरं झालेल्यांनी तीन महिने थांबावं असंही आलं. त्यामुळे दुसरा डोस लांबला.

थोरल्याचा आजार सौम्यच राहिला. विलगीकरण संपलं आणि तो दुसऱ्याच दिवशी दुकानात गेला. खरिपाचं सोयाबीन बियाणं आणि खतं यांची गर्दी सुरू झाली होती.

जून: वहिनी

आमचे फोन रुग्ण घरी आल्यावर थोड्याच दिवसांत थांबायचे. जूनमध्ये वहिनीचाच फोन आला. “मला श्वास घेता येईना. पण मशीन अठ्ठ्याण्णव दाखवतंय. मशीन बिघडलंय का?”

ती रात्री दोन-तीनदा उठून स्वतःचा ऑक्सिजन मोजत होती. छाती धडधडायची, हाताला मुंग्या यायच्या, म्हशीची धार काढताना मध्येच उठून उभं राहावं लागायचं. मुलावर हात उगारला म्हणून ती स्वतःवरच चिडली होती. घरात दोन मतं होती. आजींच्या मते अशक्तपणा, थोरल्याच्या मते ‘आता सगळं झाल्यावर हिचं काय निघालं?’

इथेही पर्याय तपासावे लागले. सगळं मनावर ढकललं असतं तर ती मोठी चूक ठरली असती. डॉक्टरांनी आधी शरीर पाहिलं: ईसीजी ठीक, थायरॉइड ठीक, करोनाची चाचणी निगेटिव्ह, हिमोग्लोबिन ८.९. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायची सवय जुनी होती आणि त्या पाच-सहा आठवड्यांत बहुतेक वेळा काही उरतच नव्हतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्तक्षयाने धडधड आणि दम दोन्ही होऊ शकतात, पण झटके येण्याची पद्धत, झोप आणि तपासण्याचा हव्यास यांचं उत्तर त्यात पुरतं नव्हतं. मनोविकारतज्ज्ञांशी व्हिडिओवर सल्लामसलत झाली. त्यांनी हे भयझटके (पॅनिक अटॅक) असल्याचं सांगितलं, तूर्त औषध नको, समुपदेशन करा आणि महिन्याने पुन्हा दाखवा, असं ठरलं.

माझ्याकडचं काम दोन टोकांनी चाललं. एक टोक तिच्याबरोबर: यंत्र दिवसातून दोनदाच, मग एकदा, मग कपाटात, झटका आला की श्वास लांब सोडायचा, आत ओढायच्या फंदात पडायचं नाही, आणि आकडा ठीक असताना घाबरलं तर मशीनवर संशय न घेता आपण थकलोय हे स्वतःला सांगायचं. दुसरं टोक घराबरोबर, आणि ते जास्त अवघड होतं. एका संध्याकाळी सोप्यात सगळे बसले, मी स्पीकरवर. वहिनीला काय हवं असं विचारल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दुपारी दोन तास दार लावून.”

“दार लावून कशाला बसायचं?” आजींना ते लागलं. चार-पाच दिवस त्या दुपारी दाराशी घुटमळायच्या. पण बाकीची वाटणी झाली. आजोबा आपली साखर आपण मोजून लिहू लागले, आणि त्यात त्यांना चक्क मजा येऊ लागली. म्हैस आणि सकाळचा चहा थोरल्याकडे, रात्रीची हाकही त्याच्याकडे. मुलीला शुश्रूषेचं कोणतंही काम द्यायचं नाही, असं मुद्दाम ठरवलं. ती आजोबांबरोबर अण्णांच्या घरी जाऊन आली, उशिराने का होईना.

परिणाम

ऑगस्टपर्यंत वहिनीचे झटके पंधरवड्यातून एखादवेळी, इतके कमी झाले. हिमोग्लोबिन दहाच्या पुढे गेलं. रेष सरळ नव्हती. जुलैच्या चौथ्या आठवड्यात कृष्णेला पूर आला, नदीकाठच्या गावचे चार नातेवाईक घरी राहायला आले आणि केलेली सगळी वाटणी वाहून गेली. वहिनी पुन्हा दहा जणांचा स्वयंपाक करत होती. पाहुणे गेल्यावर दुपारचं दार पुन्हा लागलं, या वेळी आजींनी स्वतःहून लावलं. मुलीची झोप अकरावी सुरू झाल्यावर हळूहळू रुळावर आली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिले तीन दिवस तर उघडच आहेत. कणकण आली त्या दिवशी थोरला माडीवर गेला असता, तर आजोबांचा आजार कदाचित टळला असता.

आजोबांना पहिल्याच दिवशी दाखल करायला हवं होतं का? मला तसं वाटत नाही. मेच्या शेवटी राज्याने बाधितांचं प्रमाण जास्त असलेल्या अठरा जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करून सगळ्यांना सेंटरमध्ये हलवायचं ठरवलं. एक खोली, एक संडास असलेल्या घरांसाठी ते योग्यच होतं. या घरात मात्र जागा होती, नोंदी होत्या आणि आठव्या दिवशी फोन वेळेत गेला.

माझ्या मते खरी निसटलेली संधी दहाव्या दिवसाची होती. दोन डोस झाले म्हणून वहिनीने करायचं, हा हिशोब घराने लगेच मांडला. त्याच हिशोबाने विलगीकरण संपलेला, नुकताच आजारातून उठलेला थोरला हा वडिलांचं करायला घरातला सगळ्यांत सुरक्षित माणूस होता. तो हिशोब तिथपर्यंत कोणी नेलाच नाही. हंगाम होता हे खरं, दुकान बंद ठेवणं शक्य नव्हतं हेही खरं. पण दुकान सकाळचं होतं, रात्री रिकाम्या होत्या. काळजी घेणारं माणूस नेमताना त्याच वेळी त्याची बदली कोण आणि कोणत्या तारखेपासून, हे त्याच दिनदर्शिकेच्या पानावर लिहिता आलं असतं.

फोन करणाऱ्या गटाच्या फॉर्ममध्येही रुग्णाचा ताप, ऑक्सिजन, साखर असे रकाने होते. घरात काम कोण करतंय, ते जेवलं का, झोपलं किती, हा रकाना नव्हता. पुढे तो घातला. डॉक्टरांच्या सकाळच्या फोनलाच हे विचारलं तर उत्तर खरं मिळतं. संध्याकाळी ‘मन कसं आहे?’ असं विचारल्यावर बायका बहुतेकदा ‘बरंय’ म्हणतात.

राहिला धाकटा. लांबच्या नातेवाइकाची धडपड थोपवण्यात घराची बरीच शक्ती गेली, पण ती वळवता आली असती. वॉर्डातल्या आजोबांशी रोजचा कॉल तो पुण्याहून करू शकत होता, म्हणजे पुतणीवर ती वेळ आली नसती. दुपारी दहा वर्षांच्या पुतण्याला तासभर फोनवर गणित शिकवणं, खाटांचे नंबर एकाच यादीत लिहून थोरल्याकडे देणं, हेही त्याला जमलं असतं. त्याला हे काम कोणी सांगितलं नाही. नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मला वाटलं, गोळ्या पाठवणं एवढंच माझ्या हातात आहे.”